फोटोंच्या मागे तिथी होती, नावे नव्हती

जून २०२३ मध्ये आमची माझगावची चाळ पुनर्विकासाला गेली आणि खोली रिकामी करण्यासाठी आम्हाला बावीस दिवसांची मुदत मिळाली. पोटमाळ्यावरची भांडी, गोधड्या आणि गणपतीचे मखर उतरवून झाल्यावर अगदी शेवटी बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे आणि चिकट पानांचा एक जाडजूड अल्बम खाली आला. डब्याचे झाकण उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला. आत अण्णांनी काढलेले फोटो होते. मोजल्यावर २१४ छापील फोटो आणि निगेटिव्हच्या ५८ पट्ट्या भरल्या.

अण्णा म्हणजे माझे वडील. ते १९६६ ते १९९५ या काळात मुंबई बंदरातल्या एका लहानशा यॉट क्लबमध्ये कारकून होते. यॉट क्लब म्हटले की लोकांना अपोलो बंदरावरचा, १८४६ साली स्थापन झालेला रॉयल बॉम्बे यॉट क्लब आठवतो. अण्णांचा क्लब त्या मानाने अगदीच साधा होता. पत्र्याची शेड, एक व्हरांडा, पाण्यात उतरणारा दगडी उतार आणि पंचवीस-तीस बोटी एवढाच त्याचा पसारा होता. बक्षीस समारंभाचे फोटो काढायला स्टुडिओचा माणूस येत असे. अण्णा आपल्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याने बाकीचे सगळे टिपत असत. शर्यतीनंतर भिंतीवर वाळत घातलेली शिडे, ऑक्टोबरात पाण्यात उतरणाऱ्या आणि मे महिन्याच्या अखेरीस पावसाळ्यापूर्वी वर ओढून घेतल्या जाणाऱ्या बोटी, दोर वळणारे आणि चहा पिणारे खलाशी, असे ते फोटो आहेत. एका रोलमध्ये बारा फोटो येत आणि एक रोल त्यांना दोन-तीन महिने पुरत असे.

हे फोटो वाचवणे, त्यांतली माणसे ओळखणे आणि क्लबशी रीतसर करार करणे या कामाला मला जवळजवळ दीड वर्ष लागले. वाटेत माझ्या हातून एक मोठी चूक झाली. ती इतर कोणाच्या हातून होऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिला आठवडा नुकसानीचाच गेला. चिकट अल्बमची पाने तीस-चाळीस वर्षांत इतकी घट्ट धरतात की फोटो नखाने उचलायला गेले तर कागद मधूनच फाटतो. मी उचललेल्या दुसऱ्याच फोटोत एका माणसाचा अर्धा चेहरा पानाला चिकटून राहिला, आणि त्या फोटोची निगेटिव्ह आमच्याकडे नाही. त्यानंतर जुन्या कागदपत्रांचे जतन करणाऱ्या एका बाईंनी फोनवरून सांगितले की दातांत फिरवण्याचा, वास नसलेला साधा फ्लॉस फोटो आणि पान यांच्यामधून करवतीसारखा हळूहळू ओढावा. त्या उपायाने पुढचे सगळे फोटो सुखरूप निघाले. जे निघत नाहीत असे वाटेल, ते पानासकट कापून ठेवावेत आणि पानासकटच स्कॅन करावेत. आंबट वासाचे कारणही त्यांनीच सांगितले. त्या काळच्या फिल्मचा ॲसिटेटचा थर दमट, गरम हवेत विघटित होऊ लागला की त्यातून ॲसिटिक आम्ल सुटते, फिल्म आकसते आणि वाकडी होते, आणि बंद डब्यात तेच आम्ल शेजारच्या चांगल्या पट्ट्यांनाही बिघडवते. म्हणून वास येणाऱ्या पट्ट्या प्रथम वेगळ्या कराव्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी कागदी पाकिटात ठेवाव्यात आणि सर्वांत आधी स्कॅन कराव्यात. आमच्याकडे अशा अकरा पट्ट्या निघाल्या.

मुंबईचा जुलै हा या कामाचा शत्रू आहे. भाड्याच्या घरात आधीच ओल होती. एका फोटोवर बुरशीचे ठिपके दिसल्यावर मी सगळे फोटो वर्तमानपत्रावर पसरून पंख्याखाली ठेवले. तेही चुकीचेच होते, कारण वर्तमानपत्राचा कागद आम्लयुक्त असतो. त्यानंतर मी आम्लविरहित कागदाचे दोन गठ्ठे आणले, झाकणाला रबर असलेले दोन डबे घेतले आणि त्यांत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या. हा सगळा खर्च ₹ २,१०० झाला. पुड्यांतले निळे दाणे गुलाबी झाले की त्यांनी पुरेशी ओल शोषली असे समजावे आणि ते दाणे गरम करून पुन्हा वापरावेत. उन्हात मात्र फोटो कधीही वाळवू नयेत.

सप्टेंबरमध्ये स्कॅनिंगचा प्रश्न आला. फोर्टातल्या एका दुकानाने एका निगेटिव्हला ₹ ४० सांगितले आणि आठ दिवस डबे तिथेच ठेवावे लागतील असे कळवले. डबे नजरेआड करण्याचे धैर्य मला झाले नाही. त्यामुळे झाकणात दिवा असलेला, म्हणजेच निगेटिव्हही वाचू शकणारा सपाट स्कॅनर मी वापरलेल्या स्थितीत ₹ १४,५०० ना घेतला. छापील फोटो ६०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला ६०० बिंदू) आणि निगेटिव्ह २४०० डीपीआयला, दोन्ही टिफ स्वरूपात साठवावेत. सहा सेंटिमीटरच्या चौकोनी निगेटिव्हची प्रतिमा त्यात सुमारे ५३०० बाय ५३०० बिंदूंची होते, आणि ती उघडून वाढवली की छापील फोटोत नुसता पांढरा ठिपका वाटणाऱ्या शिडावरचा क्रमांक स्वच्छ वाचता येतो. फाइल मोठी होते, म्हणून दोन हार्ड डिस्क घ्याव्यात आणि दुसरी डिस्क दुसऱ्या घरात ठेवावी. माझी दुसरी डिस्क बहिणीकडे डोंबिवलीला आहे.

इथे माझी मोठी चूक झाली. नोकरी सांभाळून रविवारीच वेळ मिळत असल्याने काम मुळातच संथ होते. त्यात मी एकेका प्रतिमेवरचे धुळीचे ठिपके संगणकावर पुसण्यात दोन-दोन तास घालवू लागले. क्लबचे दोन जुने खलाशी अजून हयात आहेत, हे मला ऑगस्टपासून ठाऊक होते. त्यांच्यापुढे फोटो नीटनेटके होऊनच जावेत, असे मला वाटत होते. त्या दोघांपैकी जे तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते आणि ज्यांनी अण्णांबरोबर जवळजवळ सगळा काळ काढला होता, ते त्या वर्षीच्या दिवाळीत वारले. मला ही बातमी जानेवारीत कळली. तोवर माझे १४० फोटो निर्मळ झाले होते, आणि त्यांतल्या जवळजवळ कोणत्याही माणसाचे नाव मला सांगता येत नव्हते. फोनवर काढलेले ओबडधोबड फोटो घेऊन मी ऑगस्टमध्येच गेले असते, तरी काम झाले असते. आधी माणसांना भेटावे आणि स्कॅनरला नंतर हात लावावा.

अण्णांनी नावे का लिहिली नाहीत, याचा मी पुष्कळ विचार केला. फोटोंच्या मागे त्यांनी पेन्सिलीने बरेच काही लिहिले आहे. तिथी, वार, शिडाचा क्रमांक आणि कधीकधी वाऱ्याची दिशाही आहे. बोटी उतरवायच्या तर भरती गाठावी लागते, आणि तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा दर्यावरचा जुना हिशेब आहे. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती. म्हणून त्यांना तिथी महत्त्वाची वाटत असे. माणसे मात्र रोजची होती. त्यांची नावे विसरली जातील, असे त्यांच्या मनातही आले नसणार.

त्या तिथींचा मला फार उपयोग झाला. 'वद्य चतुर्थी, रविवार, उतरवणी' एवढेच लिहिलेले असले, तरी जुन्या पंचांगांत ऑक्टोबरच्या आसपास रविवारी आलेली वद्य चतुर्थी शोधता येते. त्यातून मोजकीच वर्षे उरतात आणि मग फोटोतली पार्श्वभूमी निर्णय देते. गेटवेमागे जुन्या ताज हॉटेलच्या घुमटाशेजारी नवा मनोरा दिसत असेल, तर फोटो सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीनंतरचा असतो. शहराच्या क्षितिजावर शेअर बाजाराची उंच इमारत असेल, तर १९८० च्या सुमाराचा किंवा त्यानंतरचा. पूर्वेला न्हावा शेवाच्या क्रेन दिसल्या, तर १९८९ मध्ये ते बंदर सुरू झाले त्या सुमाराचा किंवा पुढचा. शिडेही बोलतात. एंटरप्राइझ वर्गाच्या डिंगीची, म्हणजे लहान शिडाच्या बोटीची, शिडे निळी असतात. कृष्णधवल फोटोत ती शेजारच्या पांढऱ्या शिडांपेक्षा किंचित करडी दिसतात. हे लक्षात आल्यावर, ज्यांचे क्रमांक वाचता येत नव्हते असे नऊ फोटो एका झटक्यात मार्गी लागले. १९८२ च्या आशियाई खेळांतल्या नौकानयनाच्या शर्यती मुंबईत झाल्या होत्या आणि फायरबॉल वर्गात फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले होते. त्या दिवसांतला एकच फोटो आमच्याकडे आहे. त्यात स्पर्धक नाहीत. अण्णांच्या क्लबचे तीन खलाशी मदतीसाठी मिळालेल्या नव्या टोप्या घालून ताठ उभे आहेत.

१४ जानेवारी २०२४ ला, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, मी त्या दोघांपैकी दुसऱ्या खलाशी काकांना भेटायला उरणजवळच्या करंजाला गेले. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला लाँच जाते आणि पुढे रिक्षा मिळते. मोऱ्याला गाळ साचलेला असल्याने उधाणाच्या दिवसांत ओहोटीच्या वेळी फेऱ्या बंद राहतात, म्हणून निघण्यापूर्वी भरतीची वेळ पाहावी. मी ती पाहिली नव्हती आणि परतताना धक्क्यावर दोन तास बसून राहावे लागले. काका तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते आणि त्यांना जवळचे अंधूक दिसत असे. मी मोठ्या आकारात छापून नेलेले फोटो त्यांनी एकेक करून उजेडाकडे धरले. बोट वर ओढण्याच्या फोटोपाशी ते बराच वेळ थांबले. त्या फोटोत आठ जण आहेत. गाड्याची चाके चिखलात रुतली आहेत, सहा जणांनी बोटीच्या बाजूला खांदा लावला आहे, एक जण पुढे दोर कमरेभोवती घेऊन मागे रेलला आहे, आणि एक पोरगा बोटीच्या तळाला चिकटलेली कालवे खरवडायचा पत्रा हातात घेऊन नुसता बघत उभा आहे. काकांनी चेहऱ्यांकडे पाहिलेही नाही. पाय कसे रोवले आहेत आणि दोर कोणत्या हातात आहे, यावरून त्यांनी आठांपैकी सात जण ओळखले. तो पोरगा म्हणजे ते स्वतः असावेत, असे मला वाटले होते. ते म्हणाले, "नाय गो बाय, मी यो. खांदा दिलाय तो." पांढरा सदरा घातलेला, पाठमोरा माणूस अण्णा आहेत का, असे मी दुसऱ्या एका फोटोबद्दल विचारले. त्यावर ते म्हणाले, "तुजा बापूस कसा दिसल? फोटो त्यानंच कारलाय." २१४ फोटोंत अण्णा कुठेही नाहीत, हे माझ्या तोपर्यंत ध्यानातच आले नव्हते.

अशा भेटीला जाताना फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करण्याची परवानगी आधी घ्यावी, प्रत्येक फोटोवर मोठा क्रमांक घालावा आणि बोलताना तो क्रमांक आपण मोठ्याने उच्चारावा. नाहीतर घरी आल्यावर "हा त्याचा मेव्हणा" हे कोणत्या फोटोबद्दल होते ते कळत नाही. एका बैठकीत तीसपेक्षा जास्त फोटो दाखवू नयेत. मी मे महिन्यापर्यंत एकूण चार वेळा करंजाला गेले.

काकांना बहुतेकांची टोपणनावेच आठवत होती. पूर्ण नावे क्लबच्या हजेरीपटात असणार होती, म्हणून १२ फेब्रुवारीला मी क्लबच्या मानद सचिवांना अर्ज केला. कार्यकारिणी महिन्यातून एकदाच बसते. सात आठवड्यांनी उत्तर आले की हे फोटो क्लबच्या आवारात क्लबच्या नोकराने काढलेले असल्याने क्लबची मालमत्ता आहेत आणि मूळ प्रती जमा कराव्यात. ते पत्र वाचून मला रडू आले. अण्णांनी स्वतःच्या पगारातून फिल्म घेतलेली मी लहानपणी पाहिली होती आणि त्यावरून आईने धरलेला अबोलाही मला आठवतो.

फोर्टातल्या एका वकिलांना तासाभराचे ₹ ३,००० देऊन सल्ला घेतला. ते पैसे सत्कारणी लागले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढणारा हाच त्याचा कर्ता असतो. नोकरीचा भाग म्हणून, त्या कामाच्या ओघात काढलेला फोटो असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिली मालकी नोकरी देणाऱ्याकडे जाते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे अण्णांचे काम नेमके काय होते, हा कळीचा मुद्दा ठरला. भविष्यनिर्वाह निधीच्या कागदांत त्यांचे १९६६ चे नेमणूकपत्र सापडले. त्यात वर्गणीच्या पावत्या, शिडांच्या खोलीची नोंद आणि खलाशांची हजेरी ही कामे लिहिली होती. फोटोंचा उल्लेख नव्हता. आईवडिलांची नेमणूकपत्रे कधीही रद्दीत टाकू नका.

मी नेमणूकपत्राची प्रत जोडून दुसरे पत्र दिले. मध्ये क्लबची निवडणूक झाली, पावसाळा गेला आणि सप्टेंबरमध्ये नव्या सचिवांनी मला भेटीला बोलावले. त्यांनी सगळे फोटो पाहिले आणि अर्ध्या तासात प्रश्न सुटला. मूळ प्रती आमच्याकडे राहतील, क्लबला डिजिटल प्रती मिळतील आणि फोटो लावताना काढणाऱ्याचे नाव आणि घरच्यांची हरकत नसेल तिथे खलाशांची नावेही लिहिली जातील, असे ठरले. करार नोव्हेंबर २०२४ मध्ये झाला. महिन्याभरापूर्वीच किमान मुद्रांक ₹ १०० वरून ₹ ५०० झाला होता, त्यामुळे जुन्या हिशेबाने आणलेला कागद परत करून नवा घ्यावा लागला.

हजेरीपट पाहण्यासाठी मला दोन दुपारी मिळाल्या. झेरॉक्सची परवानगी नव्हती, सगळे हाताने उतरवून घ्यावे लागले. १९७४ पूर्वीचे पट वाळवीने खाल्ले आहेत. उरलेल्या प्रत्येक पानावर अण्णांचे बारीक, उजवीकडे झुकलेले अक्षर होते. फोटोत नाव नसलेली माणसे त्याच हाताने दर महिन्याला नावानिशी लिहिलेली होती. करंजाची टोपणनावे आणि पटावरची नावे जुळवून फोटोंतल्या ६१ पैकी ४४ जणांची ओळख लागली. ती इथे देत नाही, कारण काही घरांची तशी इच्छा आहे.

जानेवारी २०२५ मध्ये, ज्यांची ओळख लागली त्यांच्या घरी एकेक छापील फोटो पोचवायला मी सुरुवात केली. वारलेल्या तांडेलांच्या पत्नीसाठी, ते बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोर घेऊन उभे आहेत तो फोटो नेला होता. फोटोच्या मागे लिहायचे तर पेन कधीही वापरू नये, शाई झिरपते. मऊ पेन्सिलीने, न दाबता, कडेला लिहावे. मी तसेच लिहिले होते आणि नाव हजेरीपटावरून जसेच्या तसे घेतले होते. काकूंनी फोटो बराच वेळ पाहिला, मग उलटा केला आणि नातीकडून मागचे वाचून घेतले. नाव ऐकून त्यांनी मान हलवली. पटात वडिलांचे नाव चुकीचे लागले होते आणि गावाचे नावही भलतेच पडले होते. तीस वर्षे पगार त्याच नावावर होत राहिला आणि ते कधी काही बोलले नाहीत, असे काकूंनी सांगितले. नातीने आपल्या कंपासपेटीतले रबर मला दिले. मी अण्णांकडून आलेले नाव पुसले आणि काकू सांगत गेल्या तसे, एकेक अक्षर त्यांना वाचून दाखवत, नवीन लिहिले.